विन्येलींचा नकाशा आणि आपल्या नाशिकच्या पाट्या

पाटीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पंचवटीत माझं बोर्ड-पाट्यांचं दुकान आहे. वडील पेंटर. शाळेत असल्यापासून मी त्यांच्याबरोबर दोरी धरायला जायचो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुतळीला नीळ फासायची, पत्र्याच्या दोन टोकांना दोघांनी ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची. टप्प असा आवाज होतो आणि पांढऱ्या पत्र्यावर निळी रेघ उमटते. पहिली रेघ शिरोरेघेची, दुसरी अक्षराचं अंग संपतं तिथली, तिसरी उकारांसाठी. वडील ब्रश हातात घेण्याआधी अर्धा तास नुसत्या रेघा मारायचे. गिऱ्हाईक घाई करायचं, पण रेघा पुऱ्या झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही.

२०१५ च्या सिंहस्थात मी एका ठेकेदाराकडून दिशादर्शक पाट्यांचं काम घेतलं. मजकूर तीन वेगवेगळ्या माणसांकडून यायचा. एका पाटीवर ‘रामकुंड’, दुसरीवर ‘श्री रामकुंड’, तिसरीवर ‘रामकुंड घाट’. बाण कधी नावाच्या आधी, कधी नंतर. एकीकडे निळी पाटी, पुढच्या वळणावर हिरवी. मी सांगून पाहिलं, पण ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता आणि मलाही बिल काढायचं होतं. पर्वणीच्या दिवशी मालेगाव स्टँडच्या उतारावर एक म्हातारं जोडपं माझ्याच दोन पाट्यांच्या मध्ये उभं होतं. आजोबांनी मला विचारलं, “बाबा, रामकुंड आन् रामकुंड घाट ह्या दोन येगळ्या जागा हायेत का?” ते वाक्य आजही मनातून जात नाही.

त्यानंतर जगात लोक हे काम कसं करतात ते शोधायला लागलो आणि मासिमो विन्येली ह्या डिझायनरचं नाव सापडलं. त्यांनी ‘कॅनन’ नावाचं छोटं पुस्तक लिहून सगळ्यांसाठी फुकट खुलं करून ठेवलंय. माझं इंग्रजी बेताचं. शब्दकोश शेजारी ठेवून चार महिने वाचलं.

थोडक्यात चरित्र देतो. जन्म १० जानेवारी १९३१, मिलान. शिक्षण वास्तुकलेचं, मिलान आणि व्हेनिसमध्ये. १९५७ मध्ये लेला वाल्ले यांच्याशी लग्न झालं, त्याही वास्तुकलेच्याच. दोघं शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले, १९६० मध्ये मिलानला परतून स्वतःचं ऑफिस थाटलं. १९६५ मध्ये बॉब नोर्डा, राल्फ एकरस्ट्रॉम वगैरे सहकाऱ्यांबरोबर युनिमार्क इंटरनॅशनल ही डिझाइन कंपनी उभी केली. मुख्य कचेरी शिकागोत. तिथले डिझायनर प्रयोगशाळेतल्यासारखे पांढरे डगले घालून काम करायचे. १९६७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं ते प्रसिद्ध चिन्ह झालं, एक लाल ए आणि एक निळा ए. ते २०१३ पर्यंत टिकलं, म्हणजे तब्बल ४६ वर्षं. १९७१ मध्ये दोघा नवरा-बायकोंनी न्यूयॉर्कमध्ये विन्येली असोसिएट्स सुरू केली. २७ मे २०१४ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते न्यूयॉर्क सबवेचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं काम. तिथल्या लाइनी मुळात तीन वेगळ्या व्यवस्थांच्या, त्या १९४० मध्ये एकत्र झाल्या. त्यामुळे पाट्या तीन तऱ्हांच्या, त्यावर पुढे कुणी कुणी चिकटवलेल्या आणखी. नोर्डा स्टेशनांत जाऊन उतारू कसा चालतो, कुठे थांबतो, कुठे घुटमळतो ते बघत बसले. त्यातून एक नियम निघाला. माणसाला जिथे ठरवायचं असतं, डावीकडे की उजवीकडे, पाटी नेमकी तिथे हवी. आधी नको, नंतर नको. १९७० मध्ये नोर्डा आणि विन्येलींनी ह्या सगळ्याची नियमपुस्तिका करून दिली. अक्षर कोणतं, बाण कुठे, दोन शब्दांत जागा किती, सगळं मापात.

त्यातली एक गोष्ट कुठल्याही पेंटरच्या काळजाला हात घालेल. मूळ नमुन्यात पाटीच्या वरच्या कडेला काळी पट्टी दाखवली होती. पाटी ज्या लोखंडी चौकटीत बसवायची त्या चौकटीची ती खूण. पाट्या करणाऱ्या कारखान्याला वाटलं, पट्टी हा मजकुराचाच भाग आहे, म्हणून त्यांनी ती रंगवून टाकली. पुढे पाट्या काळ्या आणि अक्षरं पांढरी झाली, तरी वरची रेघ राहिली, ती पांढरी झाली. आज न्यूयॉर्कची ओळखच ती रेघ आहे. मी तिचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती शिरोरेघच वाटली.

१९७२ मध्ये विन्येलींनी त्याच सबवेचा नकाशा केला. सगळ्या लाइनी आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशात. प्रत्येक लाइनीला तिचा रंग, प्रत्येक स्टेशनाला काळा ठिपका. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हा नकाशा सर्वांत मोठा.

आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. त्या निमित्ताने विन्येलींकडून आपल्याला काय घेता येईल ह्यावर बोलायचंय. जाणकारांनी जरूर लिहावं.

खिळेजुळारी

धाग्याबद्दल आभार. मी नाशिकरोडच्या एका खासगी छापखान्यात ३१ वर्षं होतो. आधी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं जुळवायचो, मग ऑफसेट आलं तेव्हा मशीनवर गेलो.

तुम्ही एक फार महत्त्वाचं काम गाळलंत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची माहितीपत्रकं. १९७७ मध्ये विन्येलींनी त्यासाठी ‘युनिग्रिड’ पद्धत बसवली. आधी प्रत्येक उद्यान आपापलं पत्रक वाटेल त्या मापात छापायचं. त्यांनी काय केलं, तर कागदाच्या मोठ्या तावाचे ठरावीक घडीत बसणारे भाग पाडले आणि त्यातून दहा मापं पक्की केली. उद्यान लहान असेल तर कमी घड्यांचं पत्रक, मोठं असेल तर जास्त घड्यांचं. वर काळी पट्टी, त्यात पांढऱ्या अक्षरात उद्यानाचं नाव. बस्स. आज पन्नास वर्षं होत आली, पद्धत चालू आहे.

छापखान्याबाहेरच्या माणसाला ह्यात काय मोठं ते चटकन कळणार नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं, “पत्रिका जरा वेगळ्या साइजची करा.” वेगळी साइज म्हणजे तावातून दोन इंचांची पट्टी वाया. हजार तावांच्या हजार पट्ट्या. संध्याकाळी कटिंग मशीनखाली कातरणाचा ढीग पडायचा, तो रद्दीवाला किलोवर न्यायचा. कोरा, चांगला, महागाचा कागद! मला ते बघवायचं नाही. विन्येलींनी माप ठरवताना आधी ताव बघितला. म्हणून माझ्या लेखी ते आधी कामकरी, मग कलावंत.

अक्षरांबद्दलही एक सांगतो. १९९१ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या कामाचं प्रदर्शन झालं, त्यातल्या कामांत मिळून टाइप चारच. गॅरामाँड, बोडोनी, सेंच्युरी एक्स्पांडेड आणि हेल्व्हेटिका. आता संगणकावर हजार फाँट आहेत म्हणून पोरं एका पत्रिकेत सात वापरतात. आमच्याकडे मराठीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, शेकडो घरं, एकेका जोडाक्षराला वेगळा खिळा. एक टाइप पुरा बाळगायचा तर भिंत भरायची. म्हणून दोन-तीनच टाइप असायचे आणि त्यांचाच आकार लहान-मोठा करून सगळं साधायचं. आम्ही ते नाइलाजाने केलं. त्यांनी समजून उमजून केलं.

गोदातीर

पाटीवाला, तुमची तळमळ पोचली. पण नकाशाबद्दल माझा साफ विरोध आहे आणि तो मांडतो.

त्या नकाशात न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क चौकोनी दाखवलं होतं. प्रत्यक्षात ते साधारण चार किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरहून कमी रुंद आहे. बाग करड्या रंगाची, पाणी बेज रंगाचं. लोकांनी तक्रारी केल्या आणि सात वर्षांत, १९७९ मध्ये, तो नकाशा काढून दुसरा लावला. ज्या माणसासाठी नकाशा केला तोच वैतागला, तर त्याला सर्वांत मोठं काम कसं म्हणायचं?

मी जुन्या नाशकातला. आमच्या घरी पावसाळ्यात आजी एकच प्रश्न विचारायची, “दुतोंड्याच्या कुठवर आलं?” पाण्याची खबर क्युसेकमध्ये कुणी देत नसे. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून आख्खं गाव पूर मोजायचं, अजूनही मोजतं. आपण पत्ता सांगतानासुद्धा “नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे” म्हणतो. ह्या गावात नदीचा रंग बदललात तर माणसाच्या पायाखालची जमीनच काढून घेतलीत.

सरळ रेघा कागदावर छान दिसतात. पण आपली सराफ बाजाराकडून घाटाकडे उतरणारी गल्ली सरळ नाही आणि पर्वणीला चालणाऱ्याला ती चालायची असते, बघायची नसते. २००३ ला पंचवटीत चेंगराचेंगरी झाली, तीसहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी मी स्वयंसेवक होतो. अरुंद उतार आहे, पुढे वळण आहे, मागे फिरायला जागा नाही, हे नकाशात दिसायला हवं की नको? ४५ अंशाच्या रेघेत ते दिसणार नाही.

क्वीन्सकर

मी मूळचा नाशिकचाच, सिडकोतला. गेली सोळा वर्षं न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्स भागात राहतो. रोज सबवेनेच कामाला जातो, म्हणून थोडी भर घालतो.

१९७९ चा नकाशा मायकल हर्ट्झ यांच्या कंपनीने काढला, जॉन टॉरानॅक त्या समितीचे प्रमुख होते. पाणी निळं, बागा हिरव्या, वर रस्तेही दाखवलेले. मी इथे आलो तेव्हा तोच होता. सुरुवातीला खूप बरा वाटला, कारण जमिनीवर आल्यावर आपण कुठे आहोत ते कळायचं. पण गाडी बदलायची असली की डोळे फाटायचे. एकाच जाड रेघेत तीन-तीन गाड्या, त्यातली कुठली कुठे थांबते ते बारीक अक्षरांत वाचायचं.

विन्येलींचा जुना नकाशा मी ब्रुकलिनच्या ट्रान्झिट म्युझियममध्ये पाहिला. ते म्युझियमच मुळात जमिनीखालच्या एका बंद पडलेल्या स्टेशनात आहे. गोदातीर म्हणतात ते मला तिथे पटलं, ईस्ट रिव्हर मला पटकन ओळखता आली नाही. पण त्याच वेळी माझं घर ते ऑफिस हा रस्ता त्या पन्नास वर्षं जुन्या नकाशावर बोट न उचलता काढता आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता ताजी बातमी. २०११ मध्ये शनिवार-रविवारचे बदल दाखवणारा नकाशा विन्येलींनी स्वतःच्या जुन्या नकाशावरून पुन्हा करून दिला होता, फक्त वेबवर. आणि एप्रिल २०२५ मध्ये इथल्या महामंडळाने हर्ट्झचा नकाशा बदलून पुन्हा सरळ रेघांचा, लाइनीगणिक रंगांचा नकाशा आणला. १९७२ च्या नकाशावरून घेतलाय हे त्यांनी उघड सांगितलं. जो नकाशा लोकांनी काढून टाकायला लावला, त्याचं घराणं ४६ वर्षांनी परत आलं. विन्येली ते बघायला नव्हते ह्याची मला मनापासून हळहळ वाटली.

अजून एक. मे २०१४ मध्ये ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या मुलाने, लुकाने, आवाहन केलं होतं की ज्यांच्या कामावर वडिलांचा परिणाम झाला असेल त्यांनी पत्रं लिहावीत. जगभरातून पत्रं आली. मी डिझायनर नाही, म्हणून लिहिलं नाही. रोज त्यांच्या पाट्या वाचून वेळेवर पोचतो एवढं तरी लिहायला हवं होतं.

पाटीवाला

गोदातीर, २००३ चं लिहिलंत. त्या दिवशी आम्ही दुकान बंद करून घाटावर पाणी वाटत होतो. त्याच्यावर मी वाद घालणार नाही.

पण नकाशाच्या बाजूने एक गोष्ट ठेवतो, जी मलाही उशिरा कळली. विन्येलींनी एकटा नकाशा योजलाच नव्हता. त्यांच्या डोक्यात संच होता. एक रेघांचा नकाशा, गाडी कुठून कुठे जाते ते सांगणारा. दुसरा खराखुरा भौगोलिक. तिसरा आजूबाजूच्या वस्तीचा, स्टेशनातून वर आल्यावर लागणारा. चौथा शब्दांचा, म्हणजे इथून तिथे जायचं तर काय करायचं हे वाक्यांत लिहिलेलं. प्रत्यक्षात लोकांच्या हाती पडला फक्त पहिला, आणि लोक त्याच्याकडून चौघांचं काम मागत राहिले. नदी कुठे आहे हे सांगायची जबाबदारी दुसऱ्याची होती, तो आलाच नाही.

तेव्हा धाग्यात मी नकाशाला ‘सर्वांत मोठं काम’ म्हटलं ते मागे घेतो. अर्ध्यावर राहिलेलं काम म्हणतो. आणि आपल्याकडे पायी चालणाऱ्याला दुसरा आणि तिसरा नकाशा आधी लागेल, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

वास्तुरेखा

इतका वेळ वाचतेय, आता राहवत नाही. सगळे प्रतिसाद ‘विन्येलींनी केलं, त्यांनी ठरवलं’ असे आहेत. लेला कुठे आहेत?

लेला विन्येली, जन्म १९३४, उदिने. व्हेनिसला वास्तुकला शिकल्या, १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी ह्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, १९५९ मध्ये शिकागोत एसओएम ह्या बड्या वास्तुसंस्थेत कामाला होत्या. पुढे दोघांच्या ऑफिसची बहुतेक सगळी व्यवस्था त्यांच्या हाती होती. मासिमो कागदावरचं जास्त बघायचे, लेला फर्निचर, अंतर्रचना, प्रदर्शनं, चांदीची भांडी. पण अशी कडक वाटणी नव्हतीच, प्रत्येक कामावर दोघांची नजर फिरायची. न्यूयॉर्कचं सेंट पीटर्स चर्च, १९७७, आतली बाकं, वेदी, सगळं दोघांचं. त्यांची मेलामाइनची ताटं-वाट्या तर आपल्या स्वयंपाकघरात शोभतील अशी आहेत. एकावर एक इतकी नेमकी बसतात की आपल्या स्टीलच्या डब्यांची उतरंड आठवावी. त्या भांड्यांना १९६४ मध्ये इटलीचं ‘कंपास्सो द’ओरो’ हे डिझाइनचं पारितोषिक मिळालं.

शेवटच्या वर्षांत मासिमोंनी फक्त लेलांच्या कामावर एक पुस्तक करून तेही फुकट उपलब्ध केलं. नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या स्त्रियांचं श्रेय कसं पुसलं जातं, ते त्यात त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिलंय. लेला २०१६ च्या डिसेंबरमध्ये गेल्या.

मी आणि माझे मिस्टर गंगापूर रोडला मिळून प्रॅक्टिस करतो. परवाच साइटवर एका मालकाने मी काढलेल्या जिन्याबद्दल ह्यांचं अभिनंदन केलं. हे शेजारीच होते, म्हणाले, “जिना हिचा आहे.” तेवढं एक वाक्य लागतं. म्हणून इथेही लागतं.

पाटीवाला

ताई, चूक झाली. मूळ धागा आता बदलता येत नाही, पण इथून पुढे ‘विन्येली’ म्हणेन तेव्हा दोघांना मिळून म्हणेन. आमच्या दुकानातही पत्र्याला प्राइमर मारणं, घासणं, मजकूर तपासणं सगळं आईच करायची. वडिलांना ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नसायची. बोर्डाखाली सही मात्र त्यांची एकट्याची असे.

डबलबेल

मी एसटीत कंडक्टर होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. डिझाइन मला कळत नाही, पाशिंजर कळतो.

पाशिंजर कधीच विचारत नाही की ही गाडी कुठल्या मार्गाने जाते. तो विचारतो, “सिन्नरला थांबती का?” बस. पाटीवर शेवटचं गाव लिहिलेलं असतं आणि त्याला मधलं हवं असतं. तुम्ही त्या नकाशात ठिपक्याचं लिहिलंत ना, मी नातवाला सांगून तो नकाशा मोबाइलवर मोठा करून बघितला. जिथे ठिपका तिथे गाडी थांबते, ठिपका नाही तिथे थांबत नाही. दोन गाड्या शेजारून जातात, एकीला ठिपका आहे, दुसरीला नाही. म्हणजे विनाथांबा. मला अर्ध्या मिनिटात कळलं. हे ज्याने केलं, किंवा जिने केलं, त्यांनी पाशिंजरचं तोंड बघितलेलं आहे.

सिंहस्थाला बाहेरगावची माणसं महामार्ग स्टँडला, नाशिकरोड स्टेशनला उतरतात. त्यांना निमाणी, शालिमार, द्वारका ही नावंच माहीत नसतात. त्यांना रामकुंड आणि त्र्यंबक एवढीच दोन नावं माहीत. पुष्कळांना ह्या दोन जागांत तीसेक किलोमीटर अंतर आहे हेसुद्धा माहीत नसतं. शाही मिरवणूक बघायला नाशकात उतरून “नागा साधू कुठे हायेत” विचारणारे मी शेकड्यांनी बघितले. त्यांचे आखाडे त्र्यंबकला, वैष्णवांचे इकडे. पहिली पाटी ह्याची लावा.

पहिलंवर्ष

मी डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे विन्येली दैवतासारखे शिकवतात, म्हणून मुद्दाम दुसरी बाजू सांगते. नव्वदच्या सुमारास कॅलिफोर्नियात ‘एमिग्रे’ नावाचं मासिक आणि टाइप करणारी मंडळी संगणकावर नवीन अक्षरं करत होती. विन्येलींनी त्यांच्या कामाला जाहीरपणे कचरा म्हटलं. पण १९९६ मध्ये त्याच एमिग्रेच्या सुझाना लिट्‌स्को यांनी बोडोनीवरून ‘फिलोसोफिया’ नावाचा टाइप केला, तेव्हा त्याच्या घोषणेचं पोस्टर विन्येलींनी करून दिलं. मला हे त्यांच्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त आवडतं. पटलं तेव्हा शब्द मागे ठेवून हात पुढे केला.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. हेल्व्हेटिका १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाला, रोमन लिपीसाठी. त्यात शिरोरेघ नाही, वेलांटी नाही, रफार नाही. मराठी पाटीवर ‘विन्येली पद्धत’ म्हणजे नेमकं काय करायचं? नुसता जाड फाँट घेऊन ‘त्र्यंबकेश्वर’ लिहिलं की वरून खाली सगळं गिचमिड होतं. मी करून बघितलंय.

पाटीवाला

बरोबर नस पकडलीस. हे मी ब्रशने आणि कटिंग प्लॉटरने, दोन्हीने करून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या धंद्यात ठोकताळा आहे की एक इंचाचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. पण हा हिशोब रोमन कॅपिटलचा. बारा इंच उंचीच्या जागेत इंग्रजी कॅपिटल पुरं बारा इंच बसतं. मराठीत त्याच बारा इंचांत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. अक्षराच्या अंगाला उरतात सहा, फार तर सात. म्हणजे इंग्रजी आणि मराठी ‘एकाच मापात’ लिहिलं म्हणून सांगतात तेव्हा मराठी निम्मी झालेली असते. त्यामुळे माझा पहिला नियम, माप अंगाचं धरायचं, पूर्ण उंचीचं नाही. मराठी अंग इंग्रजी कॅपिटलएवढं ठेवायचं आणि पाटी उंच करायची.

दुसरा नियम शिरोरेघेचा. ती उभ्या दांड्याएवढी जाड ठेवली की लांबून शब्दाच्या वर नुसता काळा पट्टा दिसतो. वडील ती दांड्यापेक्षा जरा बारीक ओढायचे. मी मोजून पाहिलं, दांडा आठ सूत तर रेघ सहा सूत. तिसरं, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ह्यांची डोकी. रात्री रिफ्लेक्टिव्ह शीटवर गाडीचा उजेड पडला की अक्षर फुगतं आणि ‘घ’-‘ध’ मधला फरक बुजतो. तिथे फट मुद्दाम मोठी ठेवावी लागते.

फाँट म्हणशील तर फुकट मिळणाऱ्यात ‘मुक्ता’ मला पाट्यांना बरा वाटतो, बऱ्याच जाड्या आहेत त्यात.

खिळेजुळारी

इथे र. कृ. जोशींचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. विंडोजमधला ‘मंगल’ त्यांचा. आयआयटीत शिकवायचे, कवीही होते. आणि कमल शेडगे. मराठी नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं त्यांनी हाताने घडवली, प्रत्येक नाटकाचं वेगळं. शेडगे म्हणजे विन्येलींच्या बरोबर उलटं टोक, दर वेळी नवं अक्षर. नाटकाला तेच हवं. माझं मत असं की रंगमंदिराच्या दारावर शेडगे हवेत आणि स्टँडवर विन्येली. एकाच्या जागी दुसरा आणला की दोघांचा अपमान होतो.

गोदातीर

जुळारीकाका, हे बाकी पटलं.

पाटीवाला, तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या नकाशाचं मान्य केलंत, तर माझी एक मागणी लिहून घ्या. घाटाकडे जाणाऱ्या प्रत्येक पाटीवर खालच्या कडेला एक निळी पट्टी. नदी ज्या बाजूला असेल त्या बाजूला ती जाड होत जाईल. वाचता न येणाऱ्यालाही कळेल की पाणी कुठे आहे आणि गर्दीत फिरलं तरी दिशा चुकणार नाही. विन्येलींची पट्टी चुकून आली, आपली ठरवून येऊ दे.

वास्तुरेखा

गोदातीर, ही कल्पना उत्तम आहे. फक्त उतार जिथे सुरू होतो तिथे ती वेगळी दिसली पाहिजे, पायऱ्यांच्या खुणेसारखी. काढून बघते.

पाटीवाला

काढाच ताई. मी असं ठरवलंय. कार्यालयांत अर्ज-विनंत्या नंतर. आधी आपणच करून बघू. तीन फूट बाय एक फूट सनबोर्डच्या चार पाट्या मी दुकानात करतो. दोन माझ्या मापाने, एक बाजारात चालते तशी, एक गोदातीरांच्या निळ्या पट्टीची. चारींवर मजकूर एकच, ‘रामकुंड’, बाण नावाच्या डावीकडे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला होळकर पुलाच्या पंचवटीकडच्या टोकाला भेटू, रहदारी सुरू व्हायच्या आत. पन्नास, शंभर आणि दीडशे फुटांवर खडूने खुणा करू आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचायला लावू. ज्यांना चाळिशी लागलीय अशांनी चष्मा न घेता यावं. कुणाच्या घरी सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांना जरूर आणा, त्यांच्यासाठी खुर्ची आणि चहा माझ्याकडे.

डबलबेल

मी आणि मंडळी येतो. हिला मोतीबिंदू आहे, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तिला जी पाटी वाचता येईल ती पक्की करा.

पहिलंवर्ष

मी मोजपट्टी आणि वही आणते. दादा, दोरीने रेघ कशी मारतात ते दाखवाल का? मी कधी पाहिलेलं नाही.

पाटीवाला

दाखवतो. शनिवारी रात्री दुकानात ये, पाट्या तेव्हाच आखायच्या आहेत. नीळ भिजवून ठेवतो, दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच असतं.